कार्बोरेटर आणि पितळ



भंडारा हे पितळेचे गाव. रतनपूरच्या इ.स. ११०० च्या शिलालेखात या गावाचे नाव ‘भानारा’ असे आले आहे, आणि भाणे म्हणजे भांडे, त्यावरून हे नाव पडले, असे लोक सांगत आले आहेत. व्युत्पत्ती खरी की खोटी ते पंडितांनी ठरवावे. पण भंडाऱ्याची पितळी भांडी घरोघर होती, आणि पुढे स्टीलने त्यांची जागा घेतली, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आज मी पितळेच्याच एका कामाविषयी बोलणार आहे, पण ते स्वयंपाकघरातले नव्हे. जुन्या जीपच्या, फियाटच्या किंवा अ‍ॅम्बॅसॅडरच्या बॉनेटखाली ओंजळीत मावेल एवढे एक यंत्र असते. त्याला कार्बोरेटर म्हणतात. त्याचे अंग जस्ताचे, आणि पोटातले मोलाचे भाग पितळेचे.

हे यंत्र बिघडले की मालकापुढे एकच प्रश्न येतो. सगळे काढून नवे बसवायचे, की खोलून, धुऊन, झिजलेले तेवढे बदलून तेच पुन्हा उभे करायचे? परदेशात या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळे. आपल्याकडे ते बरीच वर्षे सरकारच्या आयात-धोरणात आणि मिस्त्रीच्या बोटांत होते. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आधी हे यंत्र करते काय, ते पाहू. पेट्रोल पातळ असताना जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. वजनाने एक भाग पेट्रोल आणि जवळजवळ पंधरा भाग हवा, असे हे प्रमाण आहे. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशी धान्याची कोठी डोळ्यांपुढे आणा. त्या कोठीभर हवेत एक लिटर पेट्रोल! हे माप चुकले की गाडी बोलू लागते. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर, कमी पडले तर धक्के आणि खोकला.

शिक्षकमित्रांनी हे वर्गात करून दाखवावे. पेलाभर रंगीत पाणी घ्या. शीतपेयाची एक नळी त्यात उभी धरा, वरचे टोक पाण्याच्या जरासे वर राहू द्या. दुसरी नळी आडवी धरून त्या टोकावरून जोराने फुंका. पाणी नळीतून आपोआप वर चढेल आणि फवारा उडेल. हवा वेगाने धावते तेथे तिचा दाब उतरतो, म्हणून हे घडते. धानावर किंवा भाजीवर औषध मारायचा जुना हातपंप याच तत्त्वावर चाले. अरुंद गळ्यातून जाताना प्रवाहाचा दाब कसा उतरतो, हे इटलीच्या व्हेंचुरी नावाच्या विद्वानाने १७९७ मध्ये मांडले. त्या वेळी मोटार कोणाच्या स्वप्नातही नव्हती. कार्बोरेटरच्या मधल्या अरुंद गळ्याला आजही त्याचेच नाव आहे.

पहिल्या मोटारींना मात्र असा गळा नव्हता. जर्मनीच्या कार्ल बेंझच्या गाडीत इंधनाच्या डबक्यावरून हवा नेत आणि जी काही वाफ मिळेल तिच्यावर इंजिन चालवीत. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था हिने दोन मुलांना बरोबर घेतले आणि नवऱ्याला न सांगता ती गाडी माहेरच्या गावी नेली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधन संपले, ते तिने औषधाच्या दुकानातून विकत घेतले. तेव्हा पेट्रोलपंप कोठला? पुढे इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. रस्त्याच्या कडेला उभे राहून इंधनाचा मार्ग साफ करणारा पहिला मिस्त्री कोण, असे कोणी विचारले तर निःशंक सांगा: ती एक बाई होती.

१८९३ साली हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी आणि जर्मनीत मायबाखने फवाऱ्याच्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. बांकीला ही कल्पना फूलवालीला फुलांवर पाणी फवारताना पाहून सुचली, असे सांगतात. गोष्ट गोड आहे, तेवढीच समजा. मग कारखाने निघाले. फ्रान्समध्ये गुदार आणि मेनेसों यांचा सोलेक्स निघाला. इंग्लंडात स्किनर बंधूंचा एस. यू. निघाला. या स्किनरांच्या घरचा धंदा जोड्यांचा, म्हणून त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरात चामड्याचा भाता होता! आपल्या लोहाराच्या भात्याचा हा विलायती चुलतभाऊ. पुढे भाता गेला आणि धातूचा दट्ट्या आला. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसॅडरला पुष्कळ वर्षे हा एस. यू. असे, आणि फियाटला, म्हणजे पुढच्या पद्मिनीला, सोलेक्स.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईला शिवडीत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. फोर्डनेही मुंबईत काढला. शेव्हरोले आणि फोर्ड या गाड्या त्यामुळे आडगावापर्यंत पोचल्या, आणि सुटे भाग मुंबईहून येत. मग महायुद्ध आले. १९४१ मध्ये पेट्रोलवर रेशन बसले. त्या वेळी देशात ठिकठिकाणी लोकांनी एक अजब बदल केला. मोटारीच्या मागे किंवा बाजूला लोखंडी टाकी बसवली, तीत लाकडी कोळसा पेटवला, आणि त्याच्या धुमसण्यातून निघणारा गॅस गाळून इंजिनात सोडला. कार्बोरेटरचे काम एका साध्या मिश्रणनळीवर आले. कार्बोरेटर बदलणे म्हणतात ते हेच, पण असे! निघण्याआधी कोळसा पेटायची वाट पाहावी लागे. इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शाने तरी घटे, आणि चढावर उतारूंनी खाली उतरून गाडीला हात लावायचा, हा रिवाजच पडला. युद्ध संपले, पेट्रोल मिळू लागले, टाक्या भंगारात गेल्या.

युद्धानंतर लष्कराच्या विलिस जीपगाड्या लिलावात निघाल्या. १९४९ मध्ये महिंद्र कंपनीने ७५ जीपगाड्यांचे सुटे भाग अमेरिकेहून आणून जोडणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ पासून समाजविकास योजना निघाली, आणि जीप ही सरकारी कामाची खूणच बनली. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. राज्ये तीन झाली, पण जीप तीच! गटविकास अधिकारी असो की आरोग्य केंद्राचा डॉक्टर, शेताच्या बांधाशी जायला दुसरे वाहन नव्हते. युद्धातल्या जीपला कार्टर कंपनीचा डब्ल्यू-ओ जातीचा कार्बोरेटर असे, नंतरच्या सीजे-३बी जीपला त्याच कंपनीचा वाय-एफ.

गाड्या गावात आल्या, आणि सुटे भाग येणे नेमके त्याच काळात आटले. देशात मोटार बनवण्याचा कार्यक्रम नसेल त्या कंपनीने येथे नुसती जोडणी करू नये, असे सरकारने १९५३ मध्ये ठरवले. १९५३-५४ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपले मुंबईचे कारखाने आवरले. १९५७ मध्ये परदेशी चलनाची तंगी पडली आणि आयातीचे परवाने आणखी आवळले गेले. धोरण चूक होते असे मी म्हणणार नाही. त्याच धोरणातून कुर्ल्याला प्रीमियर कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली, आणि पुढे मद्रासच्या कार्बोरेटर्स लिमिटेड या कारखान्यात सोलेक्स देशीच बनू लागला. पण ज्याच्या दारात १९३८ सालची शेव्हरोले उभी होती त्याने काय करावे? त्याला नवा कार्बोरेटर मिळणे नव्हते. दुरुस्ती ही आवड नव्हती बरं का, तो नाइलाज होता. त्या नाइलाजातून मिस्त्रींची एक पिढी घडली.

तिची विद्या काय होती, ते आता सांगतो. कोणाच्या घरी जुनी गाडी असेल तर हे कामी येईल.

पहिली गोष्ट, आपला जिल्हा बिडीचा. हे काम चालले असताना बिडी चार हात नव्हे, चाळीस हात दूर ठेवा. बॅटरीची तार आधी सोडा. कार्बोरेटर काढताना प्रत्येक कांडी आणि स्प्रिंग कोठून निघाली ते कागदावर काढून ठेवा. खाली पांढरे धोतर किंवा चादर अंथरा. पोलादाची एवढीशी गोळी मातीत पडली की ती गेली.

वरचे झाकण काढले की पेट्रोलची वाटी दिसते. तीत फ्लोट तरंगत असतो. तलाव भरत आला की पाटाचे दार लावणारा राखणदार असतो ना, तसा हा. पेट्रोल चढले की फ्लोट वर येतो आणि सुईला भोकात दाबतो, पेट्रोल थांबते. खर्च झाले की तो खाली उतरतो, सुई सुटते. सारा हिशेब या पातळीवर आहे. जुने फ्लोट पातळ पितळी पत्र्याचे, दोन वाट्या जोडून केलेले, आत पोकळ. त्यांचा सांधा सुटला किंवा बारीक चीर गेली की आत पेट्रोल शिरते, फ्लोट जड होतो आणि बुडतो, सुई लागत नाही, आणि कार्बोरेटर वाहू लागतो. कानाशी धरून हलवा, आत डुबडुब वाजेल.

चीर सापडायची कशी? चुलीवरून उतरवून दूर आणलेल्या कढत पाण्यात फ्लोट बुडवा. आतली हवा फुगते आणि चिरेतून बुडबुड्यांची माळ निघते. तेथे खूण करा. तांब्याला किंवा कळशीला गळती लागली की कासार हेच करी, फरक एवढाच की तो पाणी आत भरून बाहेर पाही. पुढे कथलाचा डाग द्यायचा तोही तसाच. पण येथे एक जीवघेणी गोष्ट आहे. आतले पेट्रोल पुरते निघाल्याशिवाय फ्लोटला गरम इस्त्री लावू नका. दुसऱ्या टोकाला सुईएवढे छिद्र पाडून सगळे निथळू द्या, पुन्हा पुन्हा कढत पाण्यात घाला, वास अजिबात राहिला नाही म्हणजे मग डाग द्या, आणि ते छिद्र शेवटी बुजवा. कथील हात राखून वापरा. भांड्याला डाग जाड झाला तरी बिघडत नाही. फ्लोटला झाला तर त्याचे वजन वाढते आणि पातळी चुकते. कासार आणि कार्बोरेटरचा मिस्त्री यांच्या हातांत फरक असेल तर एवढाच. पातळी थोडी चुकलीच तर सोलेक्समध्ये सुईच्या बैठकीखाली वॉशर असतो: वॉशर जाड घातला की पातळी उतरते, पातळ घातला की चढते.

नंतर जेट. जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, मधून आरपार भोक. सोलेक्सच्या जेटवर आकडा असतो; ११५ म्हणजे भोकाचा व्यास १.१५ मिलिमीटर. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शावर हा व्यवहार आहे. आता सांगा, असे भोक तारेने खरवडले तर काय होईल? पितळ मऊ, तार फिरली की भोक मोठे झाले, आणि मग गाडी पेट्रोल का खाते याचे कोडे सुटत नाही. जेट रॉकेलमध्ये भिजत ठेवा, पंपाच्या हवेने फुंका, फार झाले तर झाडूची मऊ काडी वापरा. तोंडाने फुंकू नका. तर मग पितळच का, असे एखादा विद्यार्थी विचारील. लोखंड पाण्याच्या एका थेंबाने गंजेल आणि भोकाचा आकार बदलेल. पितळ गंजत नाही, आणि त्याला गोल, गुळगुळीत भोक पाडता येते. त्याच गुणांसाठी आपल्या आज्यांनी पितळेची कळशी पसंत केली होती.

बाकीचे थोडक्यात. तळाची पट्टी बोल्ट फार आवळल्याने वाकते आणि तेथून फुकट हवा शिरते. सपाट काचेवर बारीक काचकागद ठेवून ती घासून सरळ करायची. गॅस्केट मिळाले नाही तर कागदी पत्रा पट्टीवर ठेवून कडेने हलके हलके हातोडी मारायची, आकार आपोआप कापला जातो. पंपाचा पडदा फाटला असेल तर बदलायचाच, त्याला ठिगळ नाही. सर्वांत कठीण दुखणे म्हणजे खालच्या झडपेचा दांडा. पाय काढल्यावर इंजिन एका लयीत राहत नाही, वर-खाली होते, तेव्हा दांड्याच्या टोकाला तेलाचा थेंब सोडून पाहा. लय बदलली तर तेथली भोके झिजली आहेत. मग लेथवाल्याकडून पितळी बुश करून बसवायचे. येथे मापाचा माणूस पाहिजे. तो मिळत नसेल आणि अंगाला तडाही गेला असेल, तर मी म्हणेन की आता नवा घ्यावा. एरवी नाही. बाजारात सोलेक्सच्या नकला मिळतात, दिसायला झकपक. पण आकडा ११५ चा आणि भोक भलतेच, असा माल घेण्यापेक्षा आपला जुना धुतलेला बरा.

कार्बोरेटरचे राज्य आता उरलेले नाही. डिझेलच्या इंजिनाला तो कधी नव्हताच. भंडाऱ्याजवळ गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे, त्याच्या ट्रकांना याची गरज नाही. मोटारींत इसवी सन २००० च्या सुमारास पेट्रोल मोजून फवारणारी विजेची यंत्रणा आली. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले आणि नव्या मोटरसायकलींतूनही तो जवळजवळ गेला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली.

मग आज ही विद्या कशाला? दोन कारणांनी. एक कायद्याचे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने नियम केला: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, मात्र ती मूळ रूपात असली पाहिजे, तिच्या सांगाड्यात, टपात किंवा इंजिनात भारी फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि अशी गाडी धंद्याला किंवा रोजच्या वापराला चालवायची नाही. आता पाहा. चाळीस वर्षांपूर्वी नाइलाजाने जुना कार्बोरेटर जपला त्याची गाडी मूळ रूपाला जवळ राहिली. दुसरा मिळाला तो ठोकून बसवला, त्याला आता जुना शोधत हिंडावे लागते.

दुसरे कारण पेट्रोलचे. पेट्रोल आता पूर्वीचे नाही. शिसे १ फेब्रुवारी २००० पासून गेले, ते चांगलेच झाले. पण २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉल उसापासून, मक्यापासून, तांदळापासूनही होते. धानाच्या मुलखाने त्याला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. मात्र जुन्या कार्बोरेटरला ते मानवत नाही. जुने रबर त्यात फुगते, बुचाचे गॅस्केट भुसभुशीत होते. इथेनॉल पाणी ओढून घेते, ते वाटीच्या तळाशी बसते, आणि जस्ताच्या अंगावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. म्हणून दुरुस्ती करताना पडदा, सुईचे टोक आणि नळी इथेनॉल सोसणाऱ्या रबराचीच मागून घ्या. शिवाय या मिश्रणाला जळायला हवा कमी लागते. त्याच हवेत इंधन सुमारे सात-आठ टक्के जास्त जायला हवे. भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, तेव्हा ११५ च्या जागी १२० चा जेट घातला की गणित जवळपास जुळते. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण वर्गात घालायला हरकत नाही.

सगळे जोडून झाले की इंजिन गरम होऊ द्या. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने तळापर्यंत आत न्या, आवळू नका. मग दीड फेरा बाहेर काढा. इंजिन चालू असताना पाव-पाव फेरा इकडेतिकडे करून जेथे आवाज सर्वांत गोल आणि एकसारखा वाटेल तेथे सोडा. आपल्याकडच्या मे महिन्यात पेट्रोल नळीतच उकळून गाडी रस्त्यात बंद पडली, तर कार्बोरेटर खोलू नका, त्याचा दोष नाही. पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाका आणि दहा मिनिटे झाडाखाली बसा. आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल, तर पेट्रोलचा नळ बंद करा, नळ नसेल तर टाकीकडची नळी सोडून तिला बूच लावा, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. वाटी कोरडी होते, आणि पुढच्या वेळी जेट धुवावे लागत नाहीत.